दर्भाचा कावळा

दुभाष्याच्या कामाचा पहिला नियम असा, की समोरचा माणूस "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. "बाई म्हणतात त्यांना चक्कर येते" असं म्हणायचं नसतं. "मला चक्कर येते" म्हणायचं, आणि तेही अशा बेताने की पलीकडच्या डॉक्टरला दुभाष्याचीच नाडी बघावीशी वाटू नये. महासाथीत हे सगळं काम फोनवर आलं, म्हणजे मेलबर्नच्या कडेला, आमच्या टार्निटच्या घरातल्या मागच्या खोलीत आलं. तिथे बसून मी गरोदर राहिलो, दारू सोडली, गुडघे बदलून घेतले आणि एका आजीच्या वतीने घरमालकाशी हीटरवरून भांडलो. संध्याकाळी दार उघडून बाहेर आलो की बायको विचारायची, "आज कोण होतास?"

ती पुढच्या खोलीत तिच्या कंपनीच्या मीटिंगांत असायची आणि मुलगी वरच्या खोलीत युनीच्या लेक्चरांत. एका घरात तीन बंद दारं आणि प्रत्येक दारामागे कोणीतरी न दिसणाऱ्या माणसांशी बोलतंय. बाहेर आमची नवी वसाहत होती. निम्मे प्लॉट रिकामे, फुटपाथ चालता चालता गवतात संपायचे, मुलांच्या घसरगुंडीला पट्ट्या गुंडाळलेल्या. विक्रीच्या नमुना घरांत दिवे मात्र रोज ठरल्या वेळी लागत. आत कोणी नव्हतं, गिऱ्हाईक येणार नव्हतं, टायमरला तसं कोणी कळवलं नव्हतं.

माझं पूर्वीचं काम सॉफ्टवेअरचं. ते गेल्यावर मी दुभाष्याची परीक्षा दिली. मेलबर्नमध्ये मराठीचे दुभाषे फार नाहीत, कारण मराठी माणसाला स्वतःच्या इंग्रजीबद्दल शंका नसते. जे थोडे लोक दुभाषा मागतात ते खरोखर अडलेले असतात. कोर्टाचं काम तर क्वचित यायचं. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्ये एजन्सीचा फोन आला, "कोर्ट, व्हिडिओवर, आश्रयाचं प्रकरण, मराठी," तेव्हा मी शर्ट इस्त्री केला. पँट केली नाही.

प्रकरण थोडक्यात असं होतं. एका बाईने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. त्याला मारलं. मारणारे तिचे भाऊ, असं तिचं म्हणणं. ती शिकायच्या व्हिसावर इथे आली आणि मला परत पाठवू नका असा अर्ज तिने केला. ज्याचा जीव जाईल त्याला त्या जागी परत धाडायचं नाही, असं जगातल्या बऱ्याच देशांनी एकमेकांना वचन दिलं आहे. वचन साधं आहे. त्याच्याभोवतीची कचेरी साधी नाही. आधी इमिग्रेशन खात्याने तिला नकार दिला. मग त्यावरचं अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलने दिला. तुझा नवरा मारला गेला हे मान्य, भावांपासून तुला गावात धोका आहे हेही मान्य, पण भारत मोठा आहे, दुसऱ्या शहरात जाऊन राहा. त्यानंतर कोर्टात जाता येतं. कोर्ट तिला धोका आहे की नाही हे ठरवत नाही. ट्रिब्युनलने कायद्याप्रमाणे काम केलं की नाही एवढंच बघतं. आणि त्यासाठीही पाच आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मुदत निकालाच्या तारखेपासून सुरू होते. तो तुम्ही वाचला का, कळला का, याच्याशी मुदतीला कर्तव्य नसतं.

बाईंचा अर्ज उशिरा आला होता. म्हणजे त्या दिवशी कोर्टापुढे प्रश्न होता तो फक्त उशिराचा. तो माफ झाला तर तिचं प्रकरण ऐकायला घेतलं जाणार. नाही झाला तर तिला विमानात बसवायला, सीमा उघडल्या की, कोणाचीच आडकाठी उरणार नव्हती.

तो दिवस पितृपक्षातला होता. कोर्टाच्या रजिस्ट्रीत पंचांग ठेवत नाहीत, त्यामुळे हा योगायोग फक्त आम्हा दोघांनाच माहीत असणार, मला आणि तिला. मलाही तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी या गोष्टींतला नाही. पण वडील त्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, पुण्यात वारले होते. विमानं बंद. दहाव्याला चुलतभावाने घाटावरून फोन धरला आणि मी इथे टेबलाशी बसून बघितलं. घाटावर रांग होती. भात मांडलेला, सगळे मागे सरकलेले, आणि कावळे झाडावर बसून होते. त्या महिन्यात त्यांना भूक उरली नव्हती. भाऊ पिंडासमोर हात जोडून म्हणत होता, "काका, काळजी करू नका, काकूंना आम्ही बघू. काका, फ्लॅटचं सगळं नीट होईल." कावळा हलला नाही. मागचे लोक खाकरायला लागले. मग गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला, गवताच्या दोन काड्यांना गाठ मारलेला, तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "शिवला. नमस्कार करा." मी टार्निटहून नमस्कार केला. पुढचा माणूस पुढे झाला. माझा कावळ्यावर विश्वास नाही हे खरं. पण त्या दिवसानंतर कावळा दिसला की मी दुसरीकडे बघायला लागलो, हेही खरं.

इथले कावळे तर बघण्यासारखेही नाहीत. मोठे, काळेभोर, आणि डोळे पांढरे. ओरडतात ते तान्ह्या मुलाने रडावं तसं, आणि शेवटचा सूर खाली खाली ओढत नेतात, कोणीतरी त्या मुलाला उचलून दूर घेऊन चालल्यासारखा.

सकाळी दहाला कोर्ट भरलं. म्हणजे पडद्यावर चौकोन उघडले. एका चौकोनात न्यायाधीशबाई, त्यांच्यामागे राष्ट्रचिन्ह: एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला एमू. हे दोन्ही प्राणी मागे चालू शकत नाहीत म्हणून ते निवडले, असं इथे शाळेत अभिमानाने सांगतात. माणसांना मागे पाठवावं की नाही हे ठरवणाऱ्या बाईंच्या डोक्यामागे ते बरे शोभत होते. दुसऱ्या चौकोनात सरकारचा वकील, तरुण, सभ्य, गळ्यात पांढरी पट्टी. त्याने लॅपटॉपसमोर उठून लवून नमस्कार केला तेव्हा काळ्या झग्याखाली सायकलची चड्डी दिसली. तिसऱ्या चौकोनात बाईंची वकील, एका मोफत सल्ला केंद्रातली, डोळ्यांखाली काळं, मागे कपडे वाळत घातलेले. चौथा मी.

पाचवा चौकोन काळा होता. बाई फोनवरून आल्या होत्या, त्यांच्याकडे व्हिडिओ चालत नव्हता. अशा प्रकरणांत कोर्ट नाव उच्चारत नाही, म्हणजे परदेशात कोणाला माग लागू नये. चार अक्षरांचा एक जुडगा आणि त्यापुढे आकडा, हे तिचं कोर्टातलं नाव. कारकुनाने ते तीनदा पुकारलं. काळ्या चौकोनातून काही आलं नाही. मग मी मराठीत म्हटलं, "बाई, तुम्हाला बोलावताहेत."

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "ते मला म्हणताहेत होय."

आवाज हळू होता, खानदेशाकडचा, आणि इतका जवळ की मी हेडफोन थोडे सैल केले.

उशिराचं कारण तिच्या वकिलीणबाईंनी आधीच लिहून दिलं होतं: पतिवियोगाचं दुःख, लॉकडाऊनमधला एकांत, धार्मिक आचार. सगळं खरं असावं, आणि सगळं असं लिहिलेलं की कोणाच्याही अर्जाला लागू पडावं. सरकारी वकिलाला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. त्याने परवानगी घेऊन उलटतपासणी सुरू केली. तो इंग्रजीत विचारायचा, मी मराठीत विचारायचो, ती सांगायची, मी इंग्रजीत "मी" म्हणून सांगायचो.

"पाच आठवड्यांची मुदत तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"कोणी सांगितली?"

"निकालाबरोबर लिहून आलं होतं. भाजीच्या शेडमध्ये माझ्याबरोबर एक पंजाबी मुलगी आहे, तिने वाचून दाखवलं."

"म्हणजे कळलं होतं."

"कळलं होतं."

"तरी अर्ज केला नाहीत. का?"

मग ती म्हणाली, "विचारायचं होतं."

"कोणाला?"

"नवऱ्याला."

वकिलाने कागद खाली ठेवले. मृदू आवाज काढून तो म्हणाला, "तुमचे पती हयात नाहीत."

"नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर वेळ लागला."

मी ते इंग्रजीत म्हटलं. माझ्याच आवाजात, माझ्याच खोलीत: माझा नवरा हयात नाही, म्हणून वेळ लागला. पलीकडच्या खोलीतला बायकोचा कीबोर्ड थांबल्याचं मला ऐकू आलं. वरून मुलीचा आवाज आला, "बाबा, यू आर लाउड."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं होतं. "साक्षीदाराला सविस्तर सांगू द्या," त्या म्हणाल्या.

तिने सांगितलं. गेल्या वर्षी निकाल आला आणि दोन दिवसांत पितृपक्ष लागला. नवरा कसा मेला हे तिने आधी खात्याला सांगितलं होतं, मग ट्रिब्युनलला. दोन्ही वेळा अर्ध्यात थांबवून विचारलं होतं, चाकू कोणत्या हातात होता, आधी तर वेगळं म्हणाला होतात. तिला वाटायला लागलं की आपण प्रत्येक वेळी त्याला तिथे पुन्हा उभं करतो आणि पुन्हा मारून घेतो. आता तिसऱ्यांदा सांगायचं तर त्याला विचारल्याशिवाय नको. म्हणून त्याच्या तिथीला तिने मागच्या कुंपणावर भात ठेवला आणि विचारलं, परत सांगू का?

"आणि?" वकिलाने विचारलं.

"कावळा नाही आला. म्हणजे आला, दिव्याच्या खांबावर बसला. बघत बसला. खाली नाही आला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत ठेवला. पक्ष संपला, त्या वर्षी मधे अधिक महिना आला, तरी ठेवत राहिले. कामावरून आले की ठेवायची. रोज वेगळं काही कबूल करायची. तुझं नाव नाही घेणार. बरं, घेईन. तुझ्या आईला पैसे पाठवीन. तो खांबावरून बघायचा."

कोर्टात कोणी हसलं नाही. मला वाटतं हसू यायला समोर चेहरा लागतो, आणि तो चौकोन काळा होता.

"दुसऱ्या कुठल्या पक्ष्याने तो भात खाल्ला का?" वकिलाने विचारलं. त्याचा दोष नव्हता, त्याला विचारायलाच हवं होतं.

"मॅगपायने खाल्ला. दोनदा."

"ते चाललं नसतं?"

"साहेब," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात गावाकडची माणसं शहरातल्या पाहुण्याशी बोलताना लावतात तो सूर आला, "तुमच्याकडे दुसऱ्याच कोणी सही केली तर चालतं का?"

मी भाषांतर केलं. न्यायाधीशबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पुन्हा जागेवर आला.

मग वकिलाने चष्मा लावला आणि एक कागद उचलला, आणि तो काय विचारणार हे मला त्याच्या आधी कळलं. त्याने रात्री इंटरनेटवर वाचलेलं होतं. "माझ्या माहितीप्रमाणे," तो म्हणाला, "तुमच्या प्रथेत पक्षी न आल्यास गवताचा पक्षी करून विधी पूर्ण झाला असं मानता येतं. हे बरोबर आहे का?"

हा प्रश्न म्हणजे तिच्या मानेवरची सुरी होती. बरोबर म्हटलं तर थांबण्याची गरजच नव्हती, अर्ज मुदतीत करता आला असता. चूक म्हटलं तर ती खोटं बोलली असती, आणि ते त्याच्या कागदावर छापलेलं होतं. त्या पाच चौकोनांत दर्भाचा कावळा बघितलेला दुसरा माणूस मी होतो. गुरुजींच्या पिशवीतून बाहेर आलेल्या त्या दोन काड्या मला दिसत होत्या. दुभाष्याला स्वतःचं काही माहीत नसतं. मी प्रश्न मराठीत विचारला, एकही शब्द कमी-जास्त न करता, आणि वाट बघत बसलो.

हेडफोनमध्ये कावळा ओरडला. तिच्या बाजूला. तो सूर खाली खाली ओढला गेला आणि संपला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "करतात."

तिच्या वकिलीणबाईंनी डोळे मिटले.

"मग तुम्ही तसं का केलं नाही?"

"त्याच्या दहाव्याला तसंच केलं होतं. मला लांब उभं केलं होतं, बायकांना पुढे येऊ देत नाहीत. पोलीस बंदोबस्त होता. कावळा येईना. पोलीस म्हणाले, आटपा, आम्हाला दुसरीकडे जायचंय. मग त्याच्या काकांनी गवताचा केला आणि टेकवला, म्हणाले झालं. झालं नव्हतं. मी बघत होते ना. सगळ्यांना घाई होती म्हणून झालं म्हणाले. परत तसंच कसं करू?"

हे वाक्य इंग्रजीत आणायला मला नेहमीपेक्षा वेळ लागला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मिस्टर इंटरप्रिटर, तुम्हाला ब्रेक हवाय का?" मी नको म्हटलं. ते 'नको' माझं स्वतःचं होतं.

कायद्यातही दर्भाचे कावळे पुष्कळ असतात. ईमेल पाठवली की दिवसअखेर ती पोचली असं मानतात. पोचली म्हणजे वाचली. वाचली म्हणजे कळली. कागदावर एक दुसरी बाई असते, जिला सगळं वेळेवर मिळालेलं असतं आणि जी तरीही हातावर हात ठेवून बसलेली असते. कोर्टात भांडण बहुतेक वेळा त्या दुसऱ्या बाईशी असतं. त्या दिवशी मात्र मला प्रथमच असं वाटलं की दोघीही हजर आहेत, आणि काळ्या चौकोनात नक्की कुठली बसली आहे ते दिसत नाही.

सरकारी वकील खाली बसला. आता न्यायाधीशबाईंनी स्वतः एक प्रश्न विचारला. "शेवटी तुम्ही अर्ज केलात. म्हणजे पक्षी आला असं धरू का?"

"आला."

"त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात?"

"म्हटलं, या वेळी तुला मारलं ते नाही सांगत. आपण कुठे राहत होतो ते सांगते."

"कुठे राहत होतात?"

"हैदराबादला. लग्न झाल्यावर तिकडेच पळून गेलो होतो. दोन खोल्या होत्या. गच्चीवर पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत बसायचो. मग एकदा बसस्टँडवर आमच्या गावाकडचा एक माणूस भेटला. चांगलं बोलला. आम्हाला दोघांना चहा पाजला. कुठे राहता विचारलं." ती म्हणाली, "तिथेच मारलं त्याला. टाकीपाशी."

मग तिच्या वकिलीणबाईंनी मागच्या वाळत्या कपड्यांतून हात काढल्यासारखी एक फाइल वर धरली. त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो या वाक्यावर उभा होता. ट्रिब्युनलने तिला सांगितलं होतं, दुसऱ्या शहरात जाऊन राहा. ती दुसऱ्या शहरातच राहत होती. तिच्या मूळ जबाबात ती ओळ आहे, चाकूच्या आणि हाताच्या चौकशीत मागे पडलेली. निकालात तिचा विचार केल्याचं कुठेही दिसत नाही. बाई केंद्रात पहिल्यांदा आल्या तेव्हा खुनाबद्दल बोलायला तयारच नव्हत्या, वकिलीणबाई म्हणाल्या. फक्त घराबद्दल बोलत राहिल्या. म्हणून ती ओळ शोधली गेली.

योगायोग. मी या गोष्टींतला नाही, हे वर सांगितलंच आहे.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, निर्णय जेवणानंतर देते, सर्वांनी लाइनवरच थांबावं. चौकोन एकेक करून विझले. उरला माझा आणि तो काळा. दुभाष्याने पक्षकाराशी एकट्याने बोलायचं नसतं, म्हणून मी माझा आवाज बंद केला. तिला आपला फोन बंद करता येत नव्हता की ती तसाच ठेवून बसली होती, कोण जाणे. भांड्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. कोणीतरी खुर्ची ओढली. अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात न दिसता उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि मी हेडफोन काढायला हात वर नेला.

तेव्हा बाहेर कावळा ओरडला. माझ्या खिडकीबाहेर, आमच्या मागच्या कुंपणाच्या बाजूला. आणि त्याचा सूर संपता संपता तोच सूर हेडफोनमध्ये सुरू झाला, थोडा उशिराने.

मी हात तसाच ठेवला. कावळा पुन्हा ओरडला. आधी खिडकीतून, मग कानात.

आवाजाला फोनमधून फिरून यायला थोडा वेळ लागतो, याला भुतं लागत नाहीत. एवढाच अर्थ की कोर्टाने नाव लपवलेली, जिचा पत्ता मला कळायला नको होता ती बाई आमच्या कुंपणापासून कावळ्याची हाक पोचेल एवढ्या अंतरावर राहत होती. मागचा रस्ता. फार तर त्याच्या मागचा. गेलं वर्षभर मी मास्क लावून याच गल्ल्यांतून पाय मोकळे करत होतो, आणि त्यातल्या एका कुंपणावर कितीतरी दिवस रोज भात होता.

जेवणानंतर न्यायाधीशबाईंनी निर्णय वाचला. वाक्य वाचायच्या, थांबायच्या, मी मराठीत सांगायचो. अशा वेळी शेवट आपल्या आवाजात आधी येऊ द्यायचा नसतो, आणि तो मलाही माहीत नव्हता. उशीर फार नाही, त्या म्हणाल्या. अर्जदाराला मुदत माहीत होती, हे तिच्या विरुद्ध जातं. तिने ते लपवलं नाही. तिच्या पतीची संमती पक्ष्याकडून मिळते का, हा प्रश्न या न्यायालयाच्या अधिकारात येत नाही. मात्र ती संमतीची वाट बघत होती, हे मी खरं मानते. तिच्यापुढे सोयीचा मार्ग होता आणि तो तिने का घेतला नाही, हेही तिने सांगितलं. हे कारण पुरेसं समाधानकारक आहे असं मी म्हणणार नाही. तरीही ट्रिब्युनलविरुद्धचा मुद्दा वाद घालण्याजोगा आहे, आणि एखादीला ती जिथून पळाली तिथेच पळून जायला सांगितलं गेलं असेल, तर ते एकदा ऐकून घेणं न्यायाच्या हिताचं आहे. मुदत वाढवण्यात येत आहे.

"म्हणजे?" काळा चौकोन म्हणाला.

"म्हणजे तुमचं प्रकरण आता सुरू होईल," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

एवढ्या सगळ्याचं फळ म्हणजे उशिरा यायची परवानगी. पण मागे पाठवणं थांबलं होतं, निदान तोवर.

"परत सांगावं लागेल?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळी बहुतेक वकीलच बोलतील."

"बरं," ती म्हणाली. मग, सगळे लवून नमस्कार करायला उठतच होते तेवढ्यात, "दुभाषी साहेब, तुमच्याकडे पण ओरडतोय का हो?"

माझा आवाज तेव्हा चालू होता. तिलाही कावळा दोनदा ऐकू आला असणार. नियम असा की उच्चारलेलं सगळं भाषांतर करायचं. मी इंग्रजीत म्हटलं, "इंटरप्रिटर, तुमच्याकडेही तो ओरडतोय का?" सरकारी वकील अर्धवट वाकलेला तसाच थांबला. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं, किंवा माझ्या चौकोनाकडे. "उत्तर देऊ शकता," त्या म्हणाल्या.

"हो," मी मराठीत म्हटलं आणि तेच इंग्रजीत म्हटलं.

"बसलाय की उडाला?"

मी मान वळवून खिडकीतून बघितलं. कुंपणावर, आडव्या फळीवर, स्टीलची ताटली होती. ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. "बसलाय."

"खातोय?"

"खातोय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि काळा चौकोन गेला.

मी बाहेर आलो तर बायको दाराशीच उभी होती. ताटलीचं तिने आपण होऊन सांगितलं. पहिल्या वर्षी पक्ष घालत नाहीत, पण भरणीला घास ठेवायला हरकत नाही, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं. मला विचारलं असतं तर मी दोन वाक्यं ऐकवली असती, म्हणून विचारलं नव्हतं.

"सकाळपासून येत नव्हता," ती म्हणाली. "मीच दोनदा जाऊन तुझ्या बाबांना काय काय सांगून आले. नाही आला. मग तुझं सुरू झालं, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. तू काहीतरी बोललास, पाण्याच्या टाकीचं, सावलीत बसायचो म्हणून. तेव्हा खाली उतरला. तेव्हापासून इथेच घोटाळतोय."

आम्ही मागच्या दाराच्या काचेतून बघत उभे राहिलो. ताटली रिकामी होती, कावळा अजून फळीवरच होता. थोड्या वेळाने त्याने तोंड वळवलं आणि मागच्या रस्त्याच्या दिशेने उडून गेला.

"आज कोण होतास?" बायकोने विचारलं.